त्रिमितीय आकार शिकवताना चित्र शेवटी आणा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तिसरीच्या मुलांना घन, इष्टिकाचिती, वृत्तचिती, शंकू, गोल ही नावं पाठ आहेत. चित्र दाखवलं की नाव बरोबर सांगतात. पण घनाला पृष्ठं किती, असं विचारलं की निम्मा वर्ग ‘तीन’ म्हणतो, आणि खडूच्या खोक्याला काही मुलं ‘आयत’ म्हणतात. फळ्यावर पुन्हा पुन्हा काढून दाखवलं तरी फरक पडत नाही.

फळ्यावर काढणं काही दिवस थांबवा. ‘तीन’ म्हणणारं मूल चित्राबद्दल अगदी खरं बोलतंय. पुस्तकातल्या नेहमीच्या तिरप्या चित्रात घनाची ३ पृष्ठं, ९ कडा आणि ७ कोपरेच दिसतात. उरलेली ३ पृष्ठं, ३ कडा आणि १ कोपरा मागच्या बाजूला आहेत, हे ज्यानं घन हातात घेऊन फिरवलाय त्यालाच कळतं. शिवाय चित्रातली बाजूची पृष्ठं चौरसासारखी दिसतही नाहीत, ती तिरकी असतात. म्हणजे ‘घनाची सगळी पृष्ठं चौरस असतात’ हे वाक्य आणि समोरचं चित्र यांचा मेळ बसत नाही. मूल मग वाक्य पाठ करतं आणि मोजताना चित्रावर विश्वास ठेवतं.

पिअर आणि डिना व्हॅन हील या डच शिक्षक दांपत्यानं १९५७ मध्ये भूमितीच्या आकलनाच्या पायऱ्या मांडल्या. पहिल्या पायरीवर मूल आकार अख्खा ओळखतं: ‘हा शंकू, कारण हा आइस्क्रीमच्या कोनासारखा आहे.’ पुढच्या पायरीवर ते गुणधर्मांवरून ओळखतं: ‘हा शंकू, कारण याला एक टोक आहे आणि खाली एकच सपाट वर्तुळ आहे.’ त्यांच्या मांडणीतली महत्त्वाची गोष्ट अशी, की ही पायरी नुसतं वय वाढल्यानं चढली जात नाही, तसा अनुभव मिळाल्यानं चढली जाते. तुमची मुलं पहिल्या पायरीवर उभी आहेत आणि प्रश्न दुसऱ्या पायरीवरचे विचारले जात आहेत.

आता साहित्य. चार-पाच मुलांच्या गटाला १२ ते १५ वस्तूंची एक पिशवी पुरते. प्रत्येक आकाराचे किमान तीन नमुने हवेत, आणि ते एकमेकांपेक्षा ठळक वेगळे हवेत. वृत्तचिती म्हणून फक्त पावडरचा डबा दाखवला, तर मुलांच्या डोक्यात ‘वृत्तचिती म्हणजे उभा डबा’ एवढंच बसतं. त्याच्या जोडीला कॅरमची सोंगटी, पाइपासारखी लांब गोल पेन्सिल आणि पापडाच्या डब्यासारखा पसरट डबा ठेवा. इष्टिकाचितीसाठी काडेपेटी, टूथपेस्टचा खोका, वीट, पट्टी. गोलासाठी गोटी, चेंडू, लोकरीचा गुंडा.

घन घरात सहसा सापडत नाही. फासा लहान पडतो, आणि जे खोके घन वाटतात ते मोजल्यावर एका बाजूनं अर्धा सेंटिमीटर कमी निघतात. सर्वांत सोपा उपाय म्हणजे सुताराकडून ५ सेमी × ५ सेमी जाडीची लाकडी पट्टी घेऊन तिचे ५-५ सेमीचे तुकडे करून घेणं. त्याच पट्टीचे १० सेमीचे तुकडे केले की इष्टिकाचिती मिळते. पॉलिश पेपर हलकाच फिरवायला सांगा. कडा जास्त घासून गोलसर झाल्या तर बोटाला कड लागत नाही आणि पुढचं सगळं काम अवघड होतं. लाकूड शक्य नसेल तर कपडे धुण्याच्या साबणाची वडी दोऱ्यानं कापून घन करता येतात. शंकू आणि सूची (पिरॅमिडसारखा आकार) तर कार्डशीटच्याच करायच्या, त्यांची मापं पुढे देतो. वाढदिवसाची टोपी शंकू म्हणून चालवू नका, तिला तळ नसतो. नेमकं तेच पृष्ठ मुलं मग विसरतात.

काही वस्तू सुरुवातीला कटाक्षानं बाजूला ठेवा: स्टीलचा पेला (तोंड मोठं, बूड लहान), खडू (एक टोक जाड), मध्ये फुगीर लाटणं, अंडं, नारळ. या जवळपासच्या वस्तू आहेत, नेमक्या नाहीत. फेकू मात्र नका. आकार पक्के झाल्यावर ‘खडू वृत्तचिती का नाही?’ हा फार चांगला प्रश्न ठरतो, कारण त्याचं उत्तर देताना मूल दोन्ही टोकांची वर्तुळं एकमेकांवर ठेवून ताडून बघतं.

विकतच्या संचावर खर्च करायलाच हवा असं नाही. माँटेसरी पद्धतीत निळ्या रंगाच्या भौमितिक घनाकृतींचा संच असतो, तो सुंदरच आहे. पण बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी परिसरातल्या वस्तूंवर बालवाड्या उभ्या करून दाखवल्या. आकार ओळखण्यासाठी वस्तूची किंमत नाही, तिची नेमकी घडण लागते.

एक सापळा जवळजवळ प्रत्येक शाळेत असतो: प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे ‘सपाट आकार’. शिक्षक जाड त्रिकोणी तुकडा हातात धरून म्हणतात, ‘हा त्रिकोण.’ तो त्रिकोण नाही, ती बुटकी त्रिकोणी चिती आहे. गोल चकती ही पसरट वृत्तचिती आहे. पहिलीत त्या तुकड्याला त्रिकोण म्हटलं आणि तिसरीत तसाच लांब तुकडा त्रिकोणी चिती झाला, तर गोंधळ मुलाचा नाही. सपाट आकार दाखवायचे तर वस्तूचा ठसा उमटवा किंवा कागदावर ठेवून कडेनं गिरवा. कागदावर उमटलं ते वर्तुळ, हातात राहिली ती वृत्तचिती. हा फरक बोलण्यात कायम पाळा: ‘घनाचं हे पृष्ठ चौरस आहे’ असं म्हणा, ‘घन चौरस आहे’ असं चुकूनही म्हणू नका. ‘गोल’ या शब्दाचंही तसंच. मुलं बांगडी, भाकरी आणि चेंडू तिन्हींना गोल म्हणतात, आणि पुस्तकात गोल म्हणजे फक्त चेंडूसारखा आकार. पहिल्या आठवड्यात ‘चेंडूसारखा गोल’ आणि ‘वर्तुळ’ असं जोडीनं बोललं की पुरतं, वेगळी व्याख्या लागत नाही.

सुरुवात उतारावरून करा. साधारण ६० सेमी लांबीची गुळगुळीत फळी घ्या. एक टोक ५ सेमी उंच करा, दोन जाड वह्या पुरतात. मुलांनी आधी अंदाज सांगायचा, मग वस्तू सोडायची. या उंचीवर चेंडू आणि आडवी वृत्तचिती गडगडतात, घन आणि खोके जागच्या जागी थांबतात. आता तेच टोक २५ सेमीपर्यंत उचला. खोके घसरू लागतात. गडगडणं आणि घसरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलांच्या तोंडून यायला हवं. इथं हमखास चूक होते ती उंची एकदम वाढवण्याची. फळी फार उभी झाली की घनही कोलांट्या खात खाली येतो आणि मुलं निष्कर्ष काढतात की घनही गडगडतो. दुसरी चूक म्हणजे ओबडधोबड फळी किंवा रबरी घन. तो घसरतच नाही.

वृत्तचितीवर जास्त वेळ द्या. आडवी ठेवली की गडगडते, उभी ठेवली की घसरते: एकाच वस्तूत दोन्ही गुण. जर्मन बालशिक्षणतज्ज्ञ फ्रोबेल यांनी १८३७ पासून जी साधनं विकसित केली, त्यांतल्या दुसऱ्या संचात गोल, घन आणि वृत्तचिती हे तीनच आकार होते, ते याच विचारानं. गोल आणि घन ही दोन टोकं, वृत्तचिती त्यांच्यामधला दुवा. शंकू मात्र फळीवर नको, जमिनीवर आडवा ठेवून ढकला. तो सरळ जात नाही, स्वतःच्या टोकाभोवती फेरी मारतो. मुलांना कारण विचारा. तळाकडची बाजू मोठी असल्यानं एका फेरीत ती जास्त अंतर कापते आणि टोक जवळजवळ जागीच राहतं; दुसरी-तिसरीची मुलं हे स्वतःच्या शब्दांत सांगू शकतात.

यानंतर रचणं. कोणत्या वस्तूवर दुसरी वस्तू राहते? शंकूवर काही राहत नाही, पण शंकू डब्यावर राहतो. गोलावर काही नाही, गोलाखाली वाटी लागते. इथंच ‘सपाट पृष्ठ’ आणि ‘वक्र पृष्ठ’ हे शब्द द्या. शब्द आधी देऊन मग उदाहरण दाखवण्यापेक्षा, शब्दाची गरज पडेल त्या क्षणी तो दिला तर टिकतो.

मग चाचपडपिशवी. जाड, आरपार न दिसणाऱ्या कापडाची, साधारण २५ × ३० सेमीची, तोंडाला नाडी. आत चारच वस्तू. पहिल्या फेरीत अगदी वेगळ्या: गोल, घन, वृत्तचिती, शंकू. नंतर जवळच्या: घन आणि जेमतेम लांब इष्टिकाचिती, जाड आणि बारीक वृत्तचिती. मुलानं हात आत घालून वर्णन करायचं, नाव घ्यायचं नाही, बाकीच्यांनी ओळखायचं. ‘टोक बोचतंय, खाली सपाट आहे, बाजूनं हात फिरतो’ हे वर्णन जमलं की गुणधर्मांची पायरी चढायला सुरुवात झाली असं समजा. एक काळजी घ्या: सगळ्या वस्तू एकाच साहित्याच्या हव्यात. रबरी चेंडू आणि लाकडी घन एकत्र ठेवले तर मूल स्पर्शावरून ‘रबर’ ओळखतं, आकार ओळखत नाही. वर्गात दृष्टिबाधित मूल असेल तर या खेळात ते सहसा बाकीच्यांच्या पुढे असतं. त्याला वर्णन करणाऱ्याच्या जागी आधी बसवा.

नावं सांगण्याची माँटेसरींची तीन टप्प्यांची रीत इथं चोख चालते. आधी सांगायचं: ‘हा शंकू, ही वृत्तचिती.’ मग मागायचं: ‘शंकू दे. वृत्तचिती खिडकीत ठेव.’ शेवटी विचारायचं: ‘हे काय?’ दुसरा टप्पा सर्वांत लांब ठेवा, कारण त्यात मूल नाव न उच्चारता ओळख पक्की करतं. एका वेळी दोन किंवा तीनच नावं. घाईनं तिसऱ्या टप्प्यावर उडी मारली की शंकूला ‘त्रिकोण’ हे उत्तर येतं. तसं आलं तर चूक दुरुस्त करत बसू नका, त्या दिवसापुरतं दुसऱ्या टप्प्यावर परत या.

आता तुमचा मुख्य प्रश्न, मोजणी. घनाची पृष्ठं मोजताना मुलं पाच किंवा सात म्हणतात, कारण घन फिरवताना कुठून सुरुवात केली ते विसरतं. उपाय टिकल्यांचा. टिकल्यांचं एक पाकीट द्या, प्रत्येक पृष्ठावर एकच टिकली लावायला सांगा, कोणतंही पृष्ठ बिनटिकलीचं नको. मग टिकल्या एकेक काढून ओळीनं वहीत चिकटवायच्या आणि मोजायच्या. सहा. आता चुकायला जागाच उरत नाही. कोपऱ्यांसाठी शाडूच्या किंवा कणकेच्या वाटाण्याएवढ्या गोळ्या, प्रत्येक कोपऱ्यावर एक. कडा सर्वांत अवघड, बारा कडांचा हिशोब सहज सुटतो. घन टेबलावर ठेवून तीन हप्त्यांत मोजायला लावा: वरच्या चौरसाच्या ४, खालच्या चौरसाच्या ४, वरखाली जोडणाऱ्या उभ्या ४. प्रत्येक कडेवर स्केचपेननं रेघ मारली तर आणखी चांगलं. हीच रीत त्रिकोणी चितीला लावली की ३, ३ आणि ३ मिळून ९ कडा येतात, आणि मुलांना वाटतं आपण काहीतरी शोधलं. खरंच शोधलेलं असतं.

वक्र पृष्ठांबाबत पुस्तकापुस्तकांत फरक आढळतो आणि पालक त्यावर वाद घालतात, म्हणून वर्गात स्पष्ट भाषा ठेवा. वृत्तचितीला २ सपाट पृष्ठं, १ वक्र पृष्ठ, २ वक्र कडा, कोपरा एकही नाही. शंकूला १ सपाट, १ वक्र पृष्ठ, १ वक्र कड आणि १ टोक. गोलाला १ वक्र पृष्ठ, कड नाही, कोपरा नाही. ‘एकूण पृष्ठं किती’ असा मोघम प्रश्न स्वतः काढू नका. ‘सपाट किती, वक्र किती’ असं विचारा. पाचवीच्या पुढच्या मुलांना पृष्ठं आणि कोपरे यांची बेरीज कडांपेक्षा २ नं जास्त येते, हे ऑयलरचं सूत्र दाखवायचं असेल तर फक्त सपाट पृष्ठांच्या आकारांवर दाखवा. घनात ६ आणि ८ मिळून १४, कडा १२. चौरस सूचीत ५ आणि ५ मिळून १०, कडा ८. हेच वृत्तचितीवर करून बघितलं तर ३ आणि ०, कडा २. सूत्र बसत नाही आणि हुशार मूल अडून बसतं. त्याचं अडणं बरोबर आहे, सूत्र त्या आकारासाठी नाहीच.

घन ही इष्टिकाचितीच आहे का, हा प्रश्नही येतो. आहे. पण पहिली-दुसरीत त्यावर जोर देऊ नका, त्या वयात मूल दोन पेट्यांत वेगळं करण्यात रमलेलं असतं. फक्त नंतर खोडावं लागेल असं काही शिकवू नका. ‘इष्टिकाचितीची पृष्ठं लांबट असतात’ ऐवजी ‘इष्टिकाचितीत समोरासमोरची पृष्ठं सारखी असतात’ म्हणा. ते घनालाही लागू पडतं.

पृष्ठं टिकल्यांनी मोजली, तरी कडा आणि कोपरे खऱ्या अर्थानं कळतात ते सांगाडा बांधताना. खराट्याच्या काड्या ५ सेमी लांबीच्या तोडून घ्या आणि जोडासाठी मातीच्या गोळ्या किंवा भिजवलेले वाटाणे वापरा. वाटाणे ८ ते १० तास भिजलेले हवेत. कमी भिजले तर टोचताना दुभंगतात, जास्त भिजले तर मऊ पडून जोड निसटतो. वाळल्यावर ते काडीला घट्ट धरतात. वाटाणे-काड्यांचं हे काम फ्रोबेलच्या बालवाडीतही चालायचं. ज्वारीच्या ताटाची चिपाडं आणि भेंड (ताटाच्या आतला मऊ गाभा) मिळत असतील तर त्याहून उत्तम: भेंडाचे तुकडे जोडासाठी, चिपाडाच्या काड्या कडांसाठी. खेड्यातली मुलं त्याच्याच बैलगाड्या करतात, त्यांना सांगावंही लागत नाही. चिपाडाची धार मात्र बोट कापते, ती आधी मोठ्यांनी सोलून कापून द्यावी. टाकाऊ वस्तूंतून खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांनी रूढ केलेली सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची रीतही टिकाऊ आहे: दोन सेंटिमीटरच्या नळीच्या मधोमध बाभळीच्या काट्यानं भोक पाडायचं, दोन काड्या दोन टोकांतून आणि तिसरी त्या भोकातून घालायची.

साहित्य मोजून द्या, तेच शिक्षण आहे. घनाला १२ काड्या आणि ८ जोड. चौरस सूचीला ८ काड्या, ५ जोड. त्रिकोणी सूचीला ६ काड्या, ४ जोड. गटानं आधी मागणी नोंदवायची, ‘आम्हाला इतक्या काड्या हव्यात’, आणि तेवढ्याच मिळतील असं ठरवा. अकरा मागणाऱ्या गटाचा घन एका कडेला उघडा राहतो आणि बारावी काडी कुठं लागते ते पुन्हा सांगावं लागत नाही.

घनाचा सांगाडा तयार झाला की तो हात लावताच एका बाजूला कलतो. पुष्कळ शिक्षक इथं ‘नीट बांधलं नाही’ म्हणून मुलांना रागावतात. बांधणी नीटच असते. चौकोनी चौकट सांध्यांत वाकतेच, त्रिकोणी चौकट वाकत नाही. म्हणून त्रिकोणी सूची ताठ उभी राहते. घनाच्या प्रत्येक पृष्ठाला एक कर्ण दिला, म्हणजे सहा जादा काड्या, की तोही ताठ होतो. या काड्या ५ सेमीच्या घेतल्या तर पुरत नाहीत, साधारण ७ सेमीच्या लागतात. ते मुलांनाच शोधू द्या.

आता घडण, म्हणजे आकार उलगडल्यावर मिळणारा सपाट कागद. इथं सरळ टूथपेस्टचा किंवा औषधाच्या बाटलीचा खोका घ्या, ज्याचं झाकण आत खोचायचं असतं तसा. चिकटवलेली कड सोडवून तो सपाट उलगडा आणि मुलांना पृष्ठं मोजायला सांगा. उत्तर सहा येत नाही. तेरापर्यंत जातं, कारण खोक्याला पृष्ठांशिवाय पाळ्याही असतात. त्या ओळखून कापायच्या. एक लांब पाळी चिकटवण्याची. वरच्या झाकणाला एक खोचण्याची जीभ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दोन लहान पाळ्या. खालच्या बाजूलाही तशाच तीन. एकूण सात. त्या कापल्या की नेमकी सहा पृष्ठं उरतात. सातच का, हेही वरच्या वर्गांत सांगता येतं: इष्टिकाचितीला १२ कडा. उलगडलेल्या कागदावर सहा पृष्ठं एकमेकांना ५ घड्यांनी जोडलेली राहतात, उरलेल्या ७ कडा जोडून घ्याव्या लागतात, म्हणून कारखान्यानं सात पाळ्या ठेवल्या. स्वतः घडण करताना मुलांची हीच चूक होते: ती प्रत्येक बाहेरच्या बाजूला पाळी काढतात. बाहेरच्या बाजू १४ असतात आणि दोन-दोन एकत्र येतात. एका बाजूला पाळी असेल तर तिच्या जोडीदाराला नको. दोन्हीकडे पाळ्या आल्या की कोपऱ्यात गठ्ठा होतो आणि घन फुगतो.

घनाच्या घडणीकडे थेट जाऊ नका. आधी झाकण नसलेला डबा करा. ५ सेमीचे पाच चौरस कापून सेलोटेपनं कडेला कड जोडायचे. पाच चौरस जोडण्याच्या १२ वेगळ्या रीती आहेत, त्यांतल्या ८ दुमडून डबा होतो, ४ होत नाही. न होणाऱ्यांवर बोला. चार चौरस एकाच बिंदूभोवती आले तर कागद सपाटच राहतो, कारण डब्याच्या कोपऱ्यात तीनच पृष्ठं भेटतात. पाचही एका ओळीत आले तर पाचवा पहिल्यावर येऊन बसतो. हे समजलं की सहा चौरसांची पूर्ण घनाची घडण सोपी जाते. त्या एकूण ११ आहेत. पुस्तकातली अधिक चिन्हासारखी लांब घडण ही त्यांतली एकच. वर्गानं मिळून भिंतीवर एकेक लावत जावी, आठवडाभर हे चालतं. फिरवलेली किंवा उलटी केलेली घडण नवी धरायची नाही, हा नियम पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर भिंतीवर तीस होतात.

कागद साध्या वहीचा नको, तो उभा राहत नाही. जुन्या लग्नपत्रिका अगदी योग्य जाडीच्या असतात. दुमडण्याआधी पट्टी धरून संपलेल्या बॉलपेननं रेघ दाबून घ्या, तरच कड सरळ येते.

बाकीच्या आकारांची मापं अशी. चौरस सूची: मध्ये ८ सेमीचा चौरस, चारही बाजूंना ८ सेमी उंचीचे त्रिकोण. मुलं त्रिकोण बुटके काढतात. त्रिकोणाची उंची चौरसाच्या निम्म्या बाजूइतकी, म्हणजे ४ सेमी ठेवली तर चारही त्रिकोण चौरसावर सपाट पडून तो तंतोतंत झाकतात, सूची उभीच राहत नाही. हे एकदा मुद्दाम करून दाखवा. वृत्तचिती: ३.५ सेमी त्रिज्येची दोन वर्तुळं आणि २२ सेमी लांब आयत, वर १ सेमी चिकटवायला. आयताची लांबी वर्तुळाच्या घेराएवढीच लागते. आयत आधी कापून वर्तुळं ‘अंदाजानं’ काढली की झाकण आत पडतं किंवा बाहेर येतं. शंकू: १२ सेमी त्रिज्येचं अर्धवर्तुळ गुंडाळलं की तळाची त्रिज्या बरोबर ६ सेमी येते. चिकटवण्यासाठी सरळ बाजूला एक सेंटिमीटरची पट्टी जादा ठेवायची. ती विसरून कागदावर कागद चढवला तर तळ लहान होतो आणि ६ सेमीचं वर्तुळ बाहेर डोकावतं. शंकूची घडण म्हणून बरीच मुलं त्रिकोण काढतात. काढू द्या, कापू द्या, गुंडाळू द्या. तोंड वेडंवाकडं येतं, टेबलावर उभं राहत नाही, आणि तळाची कड गोलाकार का कापायची ते लक्षात येतं.

इतकं झाल्यावर चित्र आणा. काड्यांचा घन एका डोळ्यासमोर धरून, तो पुस्तकातल्या चित्रासारखा दिसेपर्यंत मुलांनी फिरवायचा. मग त्याच जागी लाकडी घन धरायचा: कोणत्या काड्या दिसेनाशा झाल्या? तीन. त्याच चित्रातल्या तुटक रेघा. काढायला शिकवताना ३ सेमीचा चौरस, त्याच्यापेक्षा दीड सेंटिमीटर उजवीकडे आणि वर सरकलेला तसाच दुसरा चौरस, आणि चार कोपऱ्यांना जोडणाऱ्या चार रेघा. आधी सगळ्या रेघा ठळक काढायच्या, कडा मोजायच्या, आणि मग मागच्या तीन तुटक करायच्या.

सावल्यांचा खेळ याच टप्प्यावर घ्या. विजेरीसमोर वृत्तचिती धरली तर एका बाजूनं आयताची सावली पडते, दुसऱ्या बाजूनं वर्तुळाची. शंकूची त्रिकोणाची किंवा वर्तुळाची. घन टोकावर धरला तर षटकोनाची सावलीसुद्धा मिळते, त्यावर वर्ग थक्क होतो. कागद प्रकाशाला काटकोनात धरलेला हवा. तिरका धरला तर चेंडूचीही सावली लांबट पडते आणि खेळ बिघडतो. ‘समोरून, वरून, बाजूनं’ या प्रश्नांची तयारी यातच होते. शिष्यवृत्तीच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या फाशांच्या प्रश्नांसाठी घनाच्या घडणीवर ठिपके काढायला लावा, समोरासमोरच्या ठिपक्यांची बेरीज ७ यायला हवी. ओळीतल्या चार चौरसांत एक सोडून एक समोरासमोर येतात, हे दुमडून बघितलेल्या मुलाला वेगळी युक्ती लागत नाही.

तपासताना पाठ झालेल्या नावावर विसंबू नका. वृत्तचिती आडवी, शंकू उलटा, सूची कुशीवर पडलेली अशा ठेवून विचारा. कधी न दाखवलेली वस्तू द्या: षटकोनी पेन्सिल, तंबूसारखी आयतावर बसलेली त्रिकोणी चिती. ‘याची टोकाची दोन पृष्ठं षटकोन आहेत आणि बाजूची सहा आयत’ एवढं सांगता आलं तर नाव नाही आलं तरी चालेल; नाव आलं आणि हे नाही आलं तर टिकल्यांकडे परत जा. लेखी चाचणीत सुरुवातीला बाकावर वस्तू ठेवू द्या, महिन्याभरानं काढून घ्या.

४० मुलांच्या वर्गात ८ गट आणि ८ पिशव्या लागतात; तेवढ्या नसतील तर ४ गटांना वस्तू द्या, ४ गटांना माती देऊन गोळे, लाट्या आणि ठोकून केलेले घन करायला लावा आणि अर्ध्या तासिकेनं अदलाबदल करा. उतार आणि रचणं यांना दोन तासिका, पिशवी आणि नावं यांना तीन, टिकल्या आणि सांगाडे यांना तीन, घडणींना चार, चित्र आणि सावल्यांना दोन, असा अंदाज धरा. वेळ कमी असेल तर चित्रांच्या तासिका कमी करा, टिकल्यांच्या आणि सांगाड्यांच्या नाही.